अण्णांच्या तिफणीतला भुंगा

"साहेब, जाळायचं आसंल तर आत्ताच सांगा. उगं आशा लावू नका," कौसल्याबाई म्हणाल्या.

समोर तिफण होती, म्हणजे पेरणीचं लाकडी औत. तिच्या दांडीला मोहरीएवढी भोकंच भोकं. लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची.

शिरूर कासार तालुक्यातलं जुन्या औतांचं हे संग्रहालय कौसल्याबाईंच्या वडिलांनी, अण्णांनी उभं केलेलं. कोरडवाहू शेतकरी, निम्मं आयुष्य ऊसतोडीत गेलेलं. ट्रॅक्टर आले तसे लोक जुनी औतं चुलीत घालू लागले. अण्णा दारोदार जाऊन ती मागून आणायचे. पत्र्याच्या दोन खोल्या भरल्या. अण्णा गेले, खोल्या गळायला लागल्या. गावच्या शाळेनं जागा देऊ केली, पण मुख्याध्यापकांना भोकं दिसली. भुंगा बाकांत शिरला तर, असं त्यांचं म्हणणं. ते चूक नव्हतं.

माझं काम कन्झर्व्हेशनचं, म्हणजे जुन्या वस्तू टिकवायचं, म्हणून मला बोलावलं होतं. भोकं दिसली म्हणजे कीड जिवंत आहेच असं नसतं. मी प्रत्येक वस्तूची भोकं ब्रशनं साफ केली, वर टिश्यू पेपर चिकटवला, खाली काळा कागद अंथरला. जिवंत भुंगा बाहेर पडताना टिश्यू फोडतो आणि काळ्या कागदावर ताजं पीठ सांडतं. तो बहुधा उन्हाळ्यात, पावसाच्या तोंडाशी निघतो. म्हणून मार्चपासून जुलैपर्यंत थांबायचं ठरलं. मुख्याध्यापकांचे मधे दोन फोन आले. मी एवढंच सांगितलं, थांबा.

जुलैत गेलो. टॉर्च घेऊन एकेक वस्तू पाहिली. मग पुन्हा पाहिली. एकही टिश्यू फुटला नव्हता. कागद स्वच्छ. मी उंबऱ्यावर बसलो आणि पाणी मागितलं.

भोकं जुनीच होती. मग कीड मेली कशानं? अण्णा कोणतं औषध मारायचे, असं मी विचारलं.

"औषध कशाचं? दर उन्हाळ्यात समदं काळ्या मेणकापडात गुंडाळून उन्हात ठिवायचे. म्हनायचे, भुंगा जोंधळ्यातला आसू का लाकडातला, ऊन त्याला सोसत न्हाई."

ही पद्धत मी ट्रेनिंगमध्ये शिकलो होतो. अण्णा ती खळ्यावर शिकले होते.

त्याच आठवड्यात वस्तू शाळेत गेल्या. तिफणीचं एक टोक मुख्याध्यापकांनीच उचललं. कौसल्याबाई मागून चालत होत्या, पहिल्यांदाच सैल चेहऱ्यानं.

आता कुठल्याही संग्रहात गेलो की औषधाची पेटी गाडीतच ठेवतो. आधी विचारतो, हे आजवर सांभाळलं कोणी आणि कसं.