खलनायकाचा आवाज

आमच्या डबिंग कलाकारांच्या संघटनेनं अंधेरीत एआयचं शिबिर ठेवलं, तेव्हा मी गेले ती भांडायलाच. ज्या यंत्रामुळे आमची कामं आटली, तेच आम्ही शिकायचं?

शेजारी माझा जुना सहकलाकार बसला होता. राहायला चारकोपला, मूळचा मालवणकडचा. हिंदी मालिका मराठीत यायच्या, तेव्हा त्यातले गुंड, ठेकेदार, दुष्ट सासरे हाच बोलायचा आणि छळ सोसणाऱ्या सुना मी. घशाच्या ऑपरेशननंतर त्याला फक्त कुजबुजता येत होतं. हा इथे कशाला आला, ते विचारायला माझी जीभ रेटेना.

शिकवणारी मुलगी तिशीचीही नसेल. "कुणाकडे स्वतःच्या आवाजाचं जुनं रेकॉर्डिंग आहे?" तिनं विचारलं. त्यानं उठून खिशातला पेन ड्राइव्ह तिच्या हातात दिला.

दुपारी तिनं त्याला लॅपटॉपसमोर बसवलं. तो जे टाइप करेल, ते यंत्र त्याच्या आवाजात बोलणार होतं. त्याला काही सुचेना. मग त्यानं बायकोला स्पीकरवर फोन लावला आणि लिहिलं, "जेवलंस काय गो?"

त्याचाच आवाज आला. तोच खर्ज. फक्त मालवणी हेल नव्हता, बातम्या वाचल्यासारखं वाक्य निघालं.

पलीकडून ती म्हणाली, "कोण बोलता?"

त्यानं टाइप केलं, "मीच."

"तुम्ही? इतक्या गोड कधीपासून बोलाक लागलात?"

सगळे हसले. तोही हसला, डोळे पुसत. बायको हलकेच म्हणाली, "ता मशीन थंयच ऱ्हवांदे. घराक तुमचो हळू आवाज माका ऐकाक येता."

नंतर त्या मुलीनं करारात काय लिहून घ्यायचं तेही शिकवलं. आपला आवाज कुठे आणि किती काळ वापरणार, हे आधी ठरवायचं. मी माझे भांडणाचे प्रश्न काढले. तिनं एकही टाळला नाही. "कामं कमी होणार नाहीत असं मी म्हणणार नाही, ताई," ती म्हणाली. त्यानंतर मला तिच्याशी भांडावंसं वाटेना.

काही महिन्यांनी आम्हा दोघांना एका ऑडिओ कथेत काम मिळालं. तो जमीनदार, मी त्याचं कूळ. एकेका वाक्यासाठी तो यंत्राला राबवायचा. इथे श्वास, तिथे जरा गुरगुर, मनासारखं होईपर्यंत सोडायचा नाही.

रेकॉर्डिंगला त्याचे संवाद माझ्या हेडफोनमध्ये येत होते. मी मात्र काचेपलीकडे बसलेल्या त्याच्याकडे बघून उत्तरं देत होते. प्रत्येक वाक्याबरोबर त्याचे ओठ हलत होते. मध्येच थांबवून तो आत आला.

"तू घाबरतच नाहीयेस गं," तो कुजबुजला. "मी कमी पडतोय का?"

"नाही रे. तू समोर दिसलास की मला बरं वाटतं."

"मग भिंतीकडे बघ," तो म्हणाला आणि बाहेर जाऊन बसला.

मी भिंतीकडे तोंड केलं. पुढच्या टेकला सीन ओके झाला.