मॅडम पैठणला गेल्यात

मी नोकरीला लागले तेव्हा विद्यापीठाच्या भूगोल विभागात मी एकटीच बाई होते. विभागप्रमुखांपासून शिपायापर्यंत सगळे अदबीनं ‘मॅडम’ म्हणत, आणि त्या अदबीमागोमाग एकेक काम येई. पाहुण्यांचा चहा मॅडम बघतील. वसतिगृहात मुलींची कुरबुर झाली, मॅडमना पाठवा. रांगोळी? अर्थात मॅडम. मला रांगोळी येते का, हे कुणी विचारलंच नाही. तास सगळ्यांना सारखेच. पण माझ्यासोबत रुजू झालेले एक सहकारी उरलेल्या वेळात दार लावून लेख लिहीत. ‘सर लिहितायत’ म्हणून शिपाईही तिथून पाय न वाजवता जाई. माझं दार मात्र सताड उघडं.

जायकवाडीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतली माणसं नव्या जागी कशी रुजली, हा माझा संशोधनाचा विषय. रविवारी घरचं सगळं उरकून मी एसटीनं पैठणला जाई आणि तिथून मिळेल त्या वाहनानं पुढं. पुढं विद्यापीठात बाहेरची तपासणी समिती आली, तेव्हा हे काम मी तिच्यापुढं मांडायचं ठरलं होतं.

त्या दिवशी सकाळीच विभागप्रमुख सरांनी बोलावलं.

“मॅडम, समितीच्या अध्यक्षांच्या मिसेस सोबत आल्यात. त्यांना पैठणी घ्यायचीय. तुम्ही जरा घेऊन जा.”

“सर, आज माझं सादरीकरण आहे.”

“ते हे करतील की.” सरांनी शेजारी बसलेल्या त्याच लेखवाल्या सहकाऱ्यांकडं बोट केलं. “तक्ते तयारच आहेत तुमचे. साड्यांतलं आम्हाला काय कळणार?”

मला तरी कुठं कळत होतं! पण समिती दारात उभी, तिथं तमाशा नको म्हणून मी जीपमध्ये बसले.

त्या बाई बँकेतून निवृत्त झालेल्या. शहर मागं पडल्यावर संकोचत म्हणाल्या, “तुमचा एवढा आग्रह म्हणून आले हं. मला पैठणी नकोय खरं तर.”

“माझा आग्रह?”

“तुमच्या सरांनी सांगितलं, मॅडमची फार इच्छा आहे.”

मी कपाळावर हात मारला. मग सगळंच सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, “मग तुमची ती गावंच दाखवा की.”

आम्ही एका पुनर्वसित वस्तीत गेलो. माझ्या ओळखीची म्हातारी ओट्यावरूनच ओरडली, “आज आईतवार नाय, मधीच कशा आल्या बाई?” तिनं आम्हाला धरणाच्या काठाशी नेलं आणि पाण्याकडं हात करून म्हणाली, “थितं आमची चूल व्हती.”

परतलो तर सादरीकरण आटोपलं होतं. अध्यक्षांनी विचारलं होतं, ही विखुरलेली कुटुंबं शोधली कशी? सहकाऱ्यांना सांगता येईना. ते म्हणाले, “ते मॅडमना माहीत. त्या पैठणी खरेदीला गेल्यात.”

अध्यक्ष मला म्हणाले, “तुम्ही आज थांबायला हवं होतं. खरेदी काय, कधीही झाली असती.”

मी तोंड उघडायच्या आत त्यांच्या पत्नी बोलल्या, “खरेदी कसली? या तर इथंच थांबणार होत्या. त्यांना माझ्याबरोबर धाडलं.” सर हसत म्हणाले, “थोडा गैरसमज झाला.”

विभागाच्या पुढच्या बैठकीत मी सांगितलं, “चहा, पाहुणे, हारतुरे आता पाळीपाळीनं.”

“मॅडम रागावल्या वाटतं,” सर म्हणाले.

“व्हय सर, लई रागावलेय.” करमाडची माझी बोली विभागात त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आली.

पाळ्या लागल्या. त्याच सहकाऱ्यांनी एकदा पाहुण्यांना चहा-पोहे दिले, तर आठवडाभर सगळीकडं कौतुक: “सर स्वतः उभे राहून बघत होते!” मी इतकी वर्षं काय बसून बघत होते?

त्यानंतर विभागात एक तरुण प्राध्यापिका आली. अजून कायम न झालेली, त्यामुळं कशालाच नाही न म्हणणारी. तिच्या पहिल्याच बैठकीत सर मान वर न करता म्हणाले, “आता दोघी आहात, स्वागताचं वाटून घ्या.”

ती लगेच वही उघडून लिहायला लागली. मी तिच्या वहीवर हात ठेवला. “सर, पाळी ठरलीय. वाटायचंच तर सगळ्यांत वाटा. इथं आम्ही दोघीच बसलोय का?”

सर चष्मा पुसत म्हणाले, “पुढचा विषय घ्या.”