उलटे चालणारे अप्पा

निलंग्याच्या वरातीत बँडवाले अप्पा कायम उलटे चालायचे. गळ्यात अकॉर्डियन, पाठ रस्त्याकडं आणि तोंड नाचणाऱ्यांकडं. मागं खड्डा असो, म्हैस असो, नाहीतर एसटी हॉर्न मारत उभी असो, त्यांना फिकीर नसायची. "वाजवणारानं पाठ दाखवू न्हाई," ते म्हणायचे. "पाय दिसले की ठेका आपसूक येतो. रस्त्याचं रस्ता बघून घेईल."

आम्ही शेजारी. पुढं मी नोकरीला नांदेडला आलो, तरी सुट्टीतला पहिला चहा त्यांच्याकडंच. एकदा मी त्यांना मोबाईलवर एक अमेरिकन अल्बम ऐकवला. तिकडची खेड्यापाड्यांतली कंट्री गाणी, आणि त्यांत केजन लोकांच्या ढंगाचा अकॉर्डियन. हे केजन म्हणजे तिथल्या दक्षिणेकडच्या दलदलीतले, घरात फ्रेंच बोलणारे लोक. अप्पा डोळे मिटून ऐकत होते, ते एकदम मांडीवर थाप मारून उठले. "अरे, हे तर आपल्यावानीच हाय! घरात एक भाषा, बाजारात दुसरी. आपली घरात कन्नड, बाजारात मराठी. आपण बी काढू अल्बम. मराठी कडवं, कन्नड धुरपद. ह्यांच्या तोडीस तोड!"

सत्तरी उलटलेला माणूस, आणि बँड तर डीजेनं कधीच गिळलेला! पूर्वी जत्रेत वाजणारी मराठी-कन्नड अशी दोन भाषांची गाणी आता फक्त अप्पांच्या बोटांत उरली होती. ती त्यांच्याबरोबर जाऊ नयेत एवढंच मला वाटत होतं. खटपट करून मी नांदेडात स्टुडिओ ठरवला.

पहिला दिवस पार वाया गेला. अप्पांना खुर्चीवर बसवलं, कानाला हेडफोन लावले, समोर काच. ठेका घटकेत पळायचा, घटकेत रेंगाळायचा. शेवटी स्टुडिओवाला हळूच म्हणाला, "सर, कीबोर्डवर करून टाकू. कुणाला कळत नाही." मी अप्पांचे हेडफोन काढायला उठलो. अप्पा मात्र ठणठणीत. "माझी बोटं झकास हायेत. ह्या खोलीत पाय न्हाईत. उद्या पाय बोलावतो."

दुसऱ्या दिवशी निलंग्याच्या एसटीनं अव्वा आली, म्हणजे अप्पांची बायको. बँडवाल्याचा संसार केला, पण ही बाई कुठल्याच वरातीत नाचली नव्हती. घरच्या बाईनं रस्त्यावर नाचायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत.

"अगं, हितं कुठं रस्ता हाय? गालिचा हाय," अप्पा म्हणाले.

"लाज हाय का ह्या वयात!" असं करवादत अव्वानं चपला काढल्या, पदर खोचला. अप्पांनी खुर्ची बाजूला ढकलली. तिनं पहिलं पाऊल टाकलं आणि काय सांगू, ठेका असा आला की काचेपलीकडचा स्टुडिओवालाही डोलायला लागला. "बांगड्यांचा आवाज येतोय, काढून टाकू?" त्यानं नंतर विचारलं. "हात तर लावून बघ!" अप्पा गरजले. तो आवाज आजही अल्बममध्ये आहे, आणि मला सगळ्यात तोच आवडतो.

गेल्या वर्षी अप्पा गेले. लिंगायत रीतीप्रमाणं त्यांना बसवून, सजवलेल्या मखरातून नेलं. जुने बँडवाले गोळा झाले होते. कुणी न सांगता सगळे अप्पांकडं तोंड करून उलटे चालू लागले. पण ठेका काही केल्या बसेना. बसणार कसा? समोर नाचणारं कुणीच नव्हतं.

मखराशेजारून चालणारी अव्वा थांबली. तिनं चपला काढून माझ्या हातात दिल्या, डोळे पुसले, पदर खोचला. आणि भर बाजारपेठेत, अख्ख्या निलंग्यासमोर, तिनं पहिलं पाऊल टाकलं.