लेकीला आणायला लातूरला

अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचं माझं गणित चौथीतच राहिलं, ते सांभाळून घ्यावं. बोलायची लाज वाटते, म्हणून लिहिते.

कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात एसटी बंद होती. आमची रेणुका लातूरच्या दवाखान्यात नर्स. फोनवर ‘बरी हाय’ एवढंच म्हणायची. मला ते खरं वाटेना. तिला घरी आणायचंच ठरवून मी मुखेडहून भाजीच्या टेम्पोत बसले. ड्रायव्हर सारखा बघायचा, मी खोकते का म्हणून. मीही त्याच्याकडे तसंच बघत होते.

जिल्ह्याच्या हद्दीवर पोलिसाने विचारलं, “कुठं, मावशी?”

“लेकीकडं. कोरोनाच्या वार्डात नर्स हाय.”

तो मागं सरला. “जावा, जावा!”

शिरूर ताजबंदला हॉटेलं बंद. ड्रायव्हरकडं पाठ फिरवून भाकरी-ठेचा खाल्ला. भूकंपाच्या साली भिंतींचा भरवसा नव्हता. तेव्हा सगळी गल्ली अंगणात खेटून झोपायची. आता माणसाचाच भरवसा नव्हता.

लातुरात क्लासच्या पाट्यांवर तेवढी हसरी पोरं होती, रस्ते ओस. दवाखान्यामागे जाळीचं कुंपण, आत पत्र्याचं शेड. पांढऱ्या सूटमधली रेणुका मी चालण्यावरून ओळखली. ती सूट काढत होती आणि तसाच सूट घातलेली दुसरी बाई लांबून तिच्यावर ओरडत होती.

“पहिले हात धू! चष्म्याला कायको हात लावली? फिरून धू!”

छळच चाललाय, मला वाटलं. जन्मात पहिल्यांदा परक्या माणसावर आवाज चढवला. “ओ बाई, लेकरू थकलंय! कशाला वरडायलाव (ओरडता)?”

“थकलंय म्हणूनच, अम्मा. थकलेलं माणूस सूट काढताना चुकून तोंडाला हात लावतं. बीमारी तिथंच लागते.”

सूट निघाला. रेणुकाच्या गालांवर मास्कचे वळ होते. नवा मास्क लावून ती म्हणाली, “आई, लांबच थांब. ह्या रेहानाआपा.”

“घरी चल.”

“आता आपाचा सूट निघायचाय. मी नसले तर त्यांच्यावर कोण वरडंल?”

आणि शाळेत ‘पाणी प्यायला जाऊ का’ एवढं विचारायलाही भिणारी माझी पोर गरजली, “आपा, घाई नको! हात! खोटं बोलू नका, मी बघायलेय!”

“हौ गे माय, सासू झाली माझी!” आपा म्हणाल्या. पण परत हात धुतले.

मी एकटीच परतले. मालकांनी दारातच विचारलं, “पोरगी कुठाय?”

“तिथंच राहू द्या. इथं आपण तिचे लाड करू. तिथं तिच्या हातावर डोळा ठेवणारी बाई हाय.”