कडुलिंबाखालची निवड समिती

नोकरीसाठीची माझी पहिली मुलाखत आईनं दिली, आणि ती पास झाली.

मी तेव्हा मेकॅनिकलची डिग्री घेऊन सिडकोतल्या घरी बसले होते. पप्पा भूगोलाचे मास्तर, वैजापूर तालुक्यातल्या शाळेतून नुकतेच रिटायर झालेले. रिटायर झाल्यावर कुणी कुंड्या लावतं, कुणी भजनी मंडळात जातं. पप्पांनी माझी नोकरी हातात घेतली. सकाळचा चहा झाला की ते चष्मा लावून लॅपटॉपसमोर बसायचे आणि मी त्यांच्या शेजारी, गैरहजेरी लागू नये म्हणून. माझा बायोडाटा त्यांनीच बनवला होता. त्यात छंद म्हणून ‘वडीलधाऱ्यांचा आदर’ असं लिहिलेलं होतं. मी खोडलं की ते परत लिहायचे. आई या भानगडीत नव्हती. तिचं एवढंच म्हणणं असायचं, “दिवसभर डोकं घालून बसता दोघं, निदान मटार तरी सोला.”

एका रविवारी मी डोकं धुवायला गेले आणि मोबाइल चार्जिंगला लावून ठेवला. टॉवेल गुंडाळून बाहेर आले, तर आई सोफ्यावर ताठ बसलेली. स्पीकर चालू, पदर सावरलेला.

“हो, मीच बोलतेय,” ती म्हणत होती. माझ्यापेक्षाही बारीक आवाजात.

मी हात पुढं केला. तिनं क्रांती चौकातल्या ट्रॅफिक पोलिसासारखा पंजा दाखवून मला जागच्या जागी थांबवलं. पप्पा दारात उभे राहून नुसते ओठ हलवत होते, “स्पष्ट बोल, स्पष्ट.”

“पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?” पलीकडच्या साहेबांनी विचारलं.

“हितंच. आणखी कुठं जाणार? लग्न होईल, लेकरू होईल, पण त्याला आई सांभाळणार. ती आत्ताच हो म्हणलीय.”

“तुमच्यातला एखादा दोष?”

आईनं माझ्याकडं बघितलं. “सकाळी उठत नाय. आंघोळीला लई वेळ लावते. वांग्याची भाजी केली की नाक मुरडते. पण मनानं वाईट नाय.”

मराठीत ‘मी लावते’ आणि ‘ती लावते’ सारखंच ऐकू येतं, म्हणून निभावलं.

मग पगाराचं निघालं. साहेबांनी आकडा सांगितला. औरंगपुऱ्यात मेथीची जुडी हातात घेऊन आई जशी थांबते, तशी ती गप्प झाली. “त्यात जरा वर करा,” ती म्हणाली, “पोरगी शिकलेलीय. म्हणजे, मी.”

साहेबांनी खरंच थोडं वर केलं आणि मंगळवारी चितेगावच्या प्लांटवर बोलावलं.

“आई, हे काय केलंस तू?”

“काय केलं? ओल्या डोक्यानं बोलत बसली असतीस तर सर्दी झाली असती.”

मंगळवारी मी एकटी जाते म्हटलं. त्यावर घरात एवढी शांतता पसरली की मीच म्हटलं, चला. काकांची व्हॅन मागून आणली. मी चालवायला, शेजारी पप्पा, मागं आई आणि चार माणसांना पुरेल एवढा डबा.

कारखान्याच्या गेटवर वॉचमननं आम्हाला अडवलं नाही. त्यानं तो नाद सोडून दिला असावा. “अंकल-आंटी झाड के नीचे,” तो म्हणाला, “बाकी के अम्मा-अब्बा भी उधरीच बैठे हैं.” कडुलिंबाखाली सतरंजी अंथरलेली होती. मुलाखतीला आम्ही पाच जण होतो आणि पाचांच्याही घरचं कुणी ना कुणी आलं होतं. बिडकीनचे एक शेतकरी मुलाबरोबर आले होते, मुलाच्या शर्टाची कॉलर सारखी नीट करत. एक बाई मुलीची वेणी परत घालत होत्या. एका मुलाची आई त्याला पाण्याची बाटली देताना म्हणाली, “आतलं पाणी पिऊ नको.”

आम्हाला आत एका खोलीत बसवलं. एकेकाला बोलावणं येत होतं. माझा नंबर शेवटी लागला. साहेब पन्नाशीचे, दमलेले वाटले. त्यांनी कागद बघितला, माझ्याकडं बघितलं.

“फोनवर तुम्ही जास्त मोकळ्या वाटला होतात.”

“तेव्हा मी घरी होते,” मी म्हटलं.

मग त्यांनी मापं कशी घेतात, पार्टला किती फरक चालतो, नाकारलेल्या मालाचं काय करतात असलं विचारलं, आणि ते मला येत होतं. साहेब खुर्चीत पुढं सरकले. मीही जरा सैल झाले. त्यांच्या मागच्या काचेतून कडुलिंब दिसत होता. सतरंजीवरची सगळी माणसं गोल करून बसली होती आणि मधे पप्पा उभे होते. त्यांनी काहीतरी विचारलं, चार हात वर झाले. आईचा हात खाली होता. मला वाटलं, चहाचं चाललं असेल.

थोड्याच वेळात दार वाजलं. आधी वॉचमन आला, कानकोंडा होऊन. त्याच्या मागं पप्पा, बिडकीनचे शेतकरी आणि सगळ्यात मागं आई.

“साहेब, दोन मिनिटं,” पप्पा वर्गात बोलावं तसं बोलले. “पाचही पोरांच्या घरच्यांनी बसून विचार केलाय. तुम्हाला जागा एकच भरायचीय. तुमचा त्रास कमी व्हावा म्हणून आम्ही क्रम ठरवून आणलाय.”

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. पप्पांना ती परवानगी वाटली.

“पहिला यांचा मुलगा. यांनी जमीन कारखान्यांसाठी दिली. आता शेतही नाही आणि पोराला नोकरीही नाही. दुसरी ती वेणीवाली मुलगी. वडील नाहीत, आईनं एकटीनं शिकवलं. तिसरा पैठणचा, त्याचा साखरपुडा अडलाय. चौथ्याला बाहेरचं अन्न पचत नाही, त्याला पुण्याला पाठवता येत नाही. जवळच द्यावी लागेल.”

“आणि पाचवा नंबर?” साहेबांनी विचारलंच.

“ही. माझी मुलगी.”

“तुमचीच मुलगी शेवटी?”

“मी अध्यक्ष होतो ना,” पप्पा म्हणाले. “आपल्याच पोरीला वर घेतलं तर लोक काय म्हणतील? आणि खरं सांगू का साहेब, ती हुशार आहे. तिला कुठंही मिळेल. बाकीच्यांचं तसं नाय.”

शाळेत कितीही मार्क पडले तरी उरलेले कुठं गेले, एवढंच विचारणारा हा माणूस. मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी डोळे भरून आले. मी टेबलावरच्या पेपरवेटकडं बघत बसले.

“हुशार हाय म्हणून शेवटी?” मागून आईचा आवाज चढला. “हा कुठला न्याय? मी तिथंच नको म्हणलं होतं! साहेब, यांचं ऐकू नका, हे भूगोलाचे मास्तर हायेत!”

साहेब हळूच उठून उभे राहिले. “ताई, तुमचा आवाज कुठंतरी ऐकलाय.”

“फोनवर ऐकलाय. मीच बोलले. ती डोकं धूत होती.”

साहेब माझ्याकडं वळले. “म्हणजे ती सकाळी न उठणारी—”

“ती हीच,” आई म्हणाली.

साहेब पुन्हा बसले. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं, सगळ्यांसाठी चहा सांगितला आणि चहा झाल्यावर आम्हाला फार नम्रपणे बाहेर काढलं.

नोकरी बिडकीनच्या मुलाला लागली. ती पप्पांच्या क्रमानं लागली की त्याच्या स्वतःच्या उत्तरांनी, हे आम्हाला कधीच कळलं नाही. पप्पांना मात्र शंका नव्हती. त्यांनी त्या शेतकऱ्यांना फोन करून अर्धा तास अभिनंदन केलं. आई पप्पांशी दोन दिवस फक्त माझ्यामार्फत बोलली, “त्यांना सांग, पोळी वाढलीय.”

त्या मंगळवारी परत येताना पैठण रोडवर मी विचारलं होतं, “पप्पा, खरंच हुशार वाटते का मी तुम्हाला?”

“समोर बघ,” ते म्हणाले. “म्हैस आडवी येतीय.”

पुढं वाळूजला एका छोट्या वर्कशॉपमध्ये जागा निघाली. मी घरी न सांगता गेले. तिथं आवारात एकही झाड नव्हतं, कुणाचे आईवडीलही नव्हते. नुसत्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणि त्यावर मोबाइलमध्ये डोकं घातलेली पोरं. मालकांनी शेवटी विचारलं, “तुम्हाला काही विचारायचंय?” तेव्हा मी सवयीनं दाराकडं बघितलं. तिथं कुणी नव्हतं. मग मीच पगाराचं विचारलं आणि आईसारखी गप्प बसून राहिले. त्यांनी थोडं वर केलं.

घरी सांगितल्यावर आई मटकन खाली बसली. “आम्हाला न विचारता? पळून जाऊन लग्न केल्यासारखं?” पप्पांनी कंपनीचा पत्ता मागितला, नकाशावर जागा शोधली आणि गेटपाशी सावली कुठल्या बाजूला पडते ते मला विचारलं. मी म्हटलं, पप्पा, तिथं सावलीच नाही. त्यांना ते पटलं नाही. पहिल्या दिवशी ते स्वतः बघून आले.

चितेगावच्या त्या पाच घरांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप अजून चालू आहे. सकाळी सुप्रभात, दुपारी कांद्याचा भाव, संध्याकाळी कुणाच्या गुडघ्याचं औषध. आम्ही पाच पोरं मात्र रस्त्यात समोरासमोर आलो तरी एकमेकांना ओळखणार नाही. गेल्या श्रावणात ही सगळी मंडळी म्हैसमाळला जाऊन आली. आईनं फोटो पाठवला, तेव्हा मी मशीनपाशी उभी होते. धुक्यात भाजलेली कणसं खात उभी असलेली माणसं, आणि पप्पा गॉगल घालून. पुढच्या वेळी पोरांनाही न्यावं का, यावर तिथं चर्चा झाली म्हणे. बहुमतानं नको ठरलं.