उलट्या लागलेल्या काड्या

“हे काय लावलंय?” मालकांनी वाफ्यावरचं ओलं गोणपाट उचलून विचारलं. डाळिंबाच्या काड्यांना मुळ्या फुटल्या होत्या, पण मातीत नाही. वरच्या टोकाला, हवेत.

मी मनातून खूश झालो. काड्या गायकवाडच्या होत्या.

दुसरं महायुद्ध संपलं त्या सुमाराची गोष्ट. कोपरगावकडे कालव्यावर मालकांची फळबाग होती आणि मी तिथला जुना सुपरवायझर. नव्या नर्सरीचा इन्चार्ज मीच होणार, असं मी धरून चाललो होतो. तेवढ्यात पुण्याहून शेतकीत बी.एजी. झालेला गायकवाड आला, हार्मोन पावडरची बाटली घेऊन. काडीचं बूड तीत बुडवून लावलं की मुळ्या लवकर धरतात म्हणे. मालक त्याला शेजारी बसवून चहा पाजायचे. मला उभ्या उभ्या कामं सांगायचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

“काड्या उलट्या लागल्यात, मालक,” मी लगेच सांगितलं. आमच्याकडे काडीचं बूड तिरकं छाटतात आणि शेंडा सरळ. गायकवाडनं कॉलेजात शिकल्याप्रमाणे शेंडा तिरका छाटला होता, वर पाणी साचू नये म्हणून.

लावणीवरच्या चंद्रभागाबाई म्हणाल्या, “आमी तिरकं टोकच मातीत घालतो. ह्या नव्या सायबांनी येगळं सांगितलंच न्हाई.”

“चूक गायकवाडची,” मी म्हणालो. आता त्याची खरडपट्टी निघणार, म्हणून मी जरा जवळच सरकलो.

गायकवाडनं शेजारच्या, तुलनेसाठी बिनपावडरच्या ठेवलेल्या ओळीतली काडी उपटली. त्याचा चेहरा एकदम खुलला.

“मालक, हिला पावडर लावलेली नाही. तरी मुळ्या बुडालाच! वाढीचं द्रव्य शेंड्याकडच्या डोळ्यांत, म्हणजे कोंबांत, तयार होतं आणि बुडाकडे जाऊन साठतं. काडी उलटी लावली तरी ते आपली दिशा सोडत नाही. बूड आभाळाकडे, तर मुळ्याही आभाळाकडे.”

“म्हणजे झाडाला आपलं बूड कळतं?” मालक थक्क झाले.

मग येईल त्या पाहुण्याला तो वाफा दाखवायला सुरुवात झाली. पुढं सगळ्या काड्या वाळून गेल्या. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. गायकवाड इन्चार्ज झाला. कुठलं टोक मातीत घालायचं हे बायकांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं.

झाडातलं ते द्रव्य एकाच दिशेनं जातं, हे मला तेव्हाच पटलं. मालकांचं कौतुकही तसंच होतं. काड्या उलट्या लागल्या तरी ते गायकवाडकडेच गेलं. अजूनही आठवलं की जळतो मी.