सिगार क्लबात आई

आमच्या साहेबांचा सिगार क्लब होता. त्यांच्या एकट्याचा नव्हे, पण ते त्याचे सचिव होते, आणि क्लबाची सगळी पत्रं, निमंत्रणं, सभासदांच्या याद्या मी टाइप करत असे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी सातपूरच्या एका कंपनीत स्टेनो म्हणून लागले, तेव्हापासून हे काम माझ्याकडे आलं ते कायमचंच.

क्लबात पंधरा-वीस जण असतील. सातपूर-अंबडचे काही कारखानदार, दोन वकील, छातीच्या रोगांचे एक डॉक्टर आणि देवळाली कॅम्पात स्थायिक झालेले तोफखान्यातले निवृत्त अधिकारी. त्यातल्या सगळ्यात वयस्कर कर्नलसाहेबांच्या बंगल्यात महिन्यातून एकदा ही मंडळी जमत. डॉक्टर स्वतः कधी ओढत नसत, ते गप्पांसाठी जात. वर्षातून एकदा, थंडीत, बंगल्याच्या हिरवळीवर कुटुंबांसह मेळावा व्हायचा. दुपारचं जेवण असे, सिगारच्या दोन-तीन खास पेट्यांचा लिलाव होई आणि जमेल ते एखाद्या चांगल्या कामाला दिलं जाई. एका वर्षी शाळेला बाकं दिली होती, एकदा मोतीबिंदूचं शिबिर झालं होतं.

मी सिन्नरची. वडील मी चौथीत असताना गेले. त्यानंतर आईनं विड्या वळून मला वाढवलं, शिकवलं, टायपिंगच्या क्लासला घातलं. ती दिवसभर दाराशी सूप मांडीवर घेऊन बसायची. सुपात भिजवलेली पानं, जर्दा, कात्री आणि दोऱ्याचं रीळ. आमच्या गल्लीत घरटी हेच काम होतं, त्यामुळे तिथं असताना मला त्याचं काही वाटलं नाही. नाशिकला नोकरीला आल्यावर मात्र वाटू लागलं. ऑफिसात कुणी विचारलं तर मी सांगायची, आई घरीच असते. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. त्या वर्षीच्या मेळाव्यासाठी डॉक्टरांनी सुचवलं की सिन्नरच्या विडी कामगार बायकांच्या छातीची तपासणी करू या. एक्स-रेची गाडी भाड्यानं आणू, औषधं देऊ. त्यांच्या दवाखान्यात या बायका फार उशिरा येतात, असं ते म्हणाले होते. साहेबांनी मला त्याचं पत्र तोंडी सांगायला घेतलं आणि मधेच थांबून विचारलं, "तुम्ही त्या बाजूच्या ना? तिथल्या कुणी बायका ओळखीच्या आहेत का? एखादी मेळाव्याला आली, दोन शब्द बोलली, तर लोकांना कळेल आपण कशासाठी देतोय ते."

मी म्हटलं, चौकशी करते.

रविवारी घरी गेले तेव्हा कुणा दुसऱ्याची बातमी सांगावी तशी ही बातमी आईला सांगितली. ती पानं कापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं की त्यांना बाई कुठून मिळणार. शोधताहेत, असं मी म्हटलं. कात्री थांबली.

"मंग तू माझं सांगितलं नाय?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादं पान कुठं फाटलंय ते बघावं तसं ती बघत होती.

"मला या कामाची लाज नाय," ती म्हणाली. "तुला असंल तर तसं सांग, मी नाय येत. पण तपासणी झाली पायजे. शेजारची रोज रात्रभर खोकती. सांग तुझ्या सायबाला, मी येते."

सोमवारी मी साहेबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मला समोरच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. इतक्या वर्षांत मी त्या खुर्चीवर कधी बसले नव्हते. त्यांनी आईच्या तब्येतीची चौकशी केली, वडील कधी गेले ते विचारलं, आणि आई आपली पाहुणी म्हणून येईल, गाडी पाठवतो, असं म्हणाले. मग थोडं अडखळत त्यांनी विचारलं की ती माझी आई आहे असं तिथं सांगायचं का.

"त्याची काही गरज नाही, सर," मी म्हटलं.

ते वाक्य मी इतक्या चटकन बोलले की जणू ते आधीपासून तोंडात तयार होतं. साहेबांनी मान हलवली आणि विषय बदलला.

नंतर समितीतल्या कुणीतरी सुचवलं की आईनं तिथं विडी वळून दाखवावी, लोकांना बघायला आवडेल. हे मी आईला भीतभीतच सांगितलं. रोजच्या कामात बघण्यासारखं काय असतं, असं ती म्हणाली. पण सूप बरोबर घ्यायला ती तयार झाली.

मेळाव्याच्या दिवशी तिनं तिची हिरवी नऊवारी नेसली होती. पाठवलेल्या गाडीला तिनं नको म्हटलं, आम्ही एस.टी.नं नाशिक रोडला आणि तिथून बसनं देवळाली कॅम्पला गेलो. बंगल्याच्या फाटकाशी मी तिला साहेबांच्या हवाली केलं आणि पाहुण्यांची यादी घेऊन कडुलिंबाखालच्या टेबलाशी गेले. माझं कामच ते होतं, असं मी स्वतःला सांगितलं.

तिला पुढच्या रांगेत खुर्ची दिली होती. यजमान कर्नलसाहेब तिच्या शेजारी येऊन बसले. माझं टेबल जवळच असल्यानं त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं. त्यांनी आईला ताई म्हणून हाक मारली, घरून निघायला त्रास झाला नाही ना, असं विचारलं. मग लिलावाच्या पेट्या आल्या. त्यांतली एक उघडून त्यांनी तिच्यासमोर धरली. हात लावू का, असं तिनं विचारलं. त्यांनी हो म्हटल्यावर तिनं पदराला हात पुसून एक सिगार उचलली, मग दुसरी. दोन्ही बोटांमध्ये हलकेच फिरवल्या. वास घेतला.

"साहेब, ह्या एका हातच्या नायत," ती म्हणाली. "ही बाईनं निवांत बसून वळलीय. हिच्या वेळंला घाई होती. आत जर्दा दाटलाय, ओढायला जड जाईल."

सिगार पुरुषही वळतात, हे त्यांनी तिला सांगितलं नाही. त्यांनी त्या दोन्ही सिगार बाजूला काढल्या, लिलावाची पेटी फोडली म्हणून कुणीतरी हसून तक्रार केली, तिकडे लक्षही दिलं नाही. एक पेटवली, ओढून बघितली. मग दुसरी पेटवली. दुसरीला त्यांना दोनदा काडी ओढावी लागली. ते बराच वेळ त्या सिगारकडे बघत राहिले आणि मग त्यांनी ती विझवली.

"कसं कळलं तुम्हाला?"

"बोटाला कळतं. डोळ्याला नाय कळत."

जेवणाआधी साहेबांनी आईला पुढं बोलावलं. सिन्नरहून आलेल्या एक ज्येष्ठ कामगार भगिनी, अशी त्यांनी ओळख करून दिली. मी सांगितलं होतं तेवढंच ते बोलले. हिरवळीवर सतरंजी घातली होती. आई तिच्यावर बसली, सूप मांडीवर घेतलं. तिनं पान कापलं, जर्दा भरला, वळलं, नखानं टोक दुमडलं, दोरा बांधला. लोक उठून जवळ आले होते. काही मुली पुढं वाकून बघत होत्या. हवेत सिगारचा दाट धूर होता.

दुसरी विडी झाली. एका बाईंनी तिला विचारलं की घरी कोण कोण असतं.

आईनं मान वर केली नाही. "एक मुलगी हाय," ती म्हणाली. "नोकरीला हाय सातपूरला. लय हुशार हाय."

ती माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. ती बघत नव्हती. मी यादी छातीशी धरून उभी होते.

तिसऱ्या विडीला पान मधेच फाटलं. ते बाजूला ठेवून तिनं दुसरं घेतलं, आणि तेवढ्यात तिला खोकला आला. तो नेहमीचा खोकला मी घरी वर्षानुवर्षं ऐकत आले होते, पण इथं, इतक्या लोकांत, तो पहिल्यांदाच ऐकतेय असं वाटलं. तो थांबेना. ती एका हातानं सूप धरून ठेवत होती, जर्दा सांडू नये म्हणून. लोक मागं सरकले. टेबलावर माझ्या हाताशी पाण्याचा जग होता. मी त्याच्याकडे बघितलं. तो उचलून चार पावलं गेले असते तर सगळ्यांना कळलं असतं. मी गेले नाही. कर्नलसाहेबांची सून पायऱ्या उतरून पळत आली, तिनं आईला पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला. डॉक्टर तिच्याजवळ बसून नाडी बघू लागले.

त्या दिवशी अपेक्षेपेक्षा जास्त निधी जमला, असं नंतर सगळे म्हणत होते. मला त्या दिवसाचं जेवण आठवत नाही.

परतीच्या बसमध्ये आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. सूप तिच्या मांडीवर होतं. नाशिक रोड जवळ आलं. मग म्हटलं, "आई, मी पाणी घेऊन यायला हवं होतं."

ती खिडकीबाहेर बघत होती. "तू येशील असं वाटलं मला," ती म्हणाली. "मंग म्हटलं, नाय आली ते बरंच झालं. आली असतीस तर मला रडू आलं असतं, अन् त्या लोकांपुढं मला रडायचं नव्हतं."

तिनं मला माफ केलं की नाही, हे मला त्या वाक्यावरून तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

शिबिर संक्रांतीनंतर सिन्नरच्या एका शाळेत झालं. आधीचे आठ दिवस आई गल्लीगल्लीतून फिरली. बायका यायला तयार नव्हत्या, पण तिनं त्यांना आणलं. सकाळपासून ती दाराशी उभी राहून एकेकीला आत पाठवत होती आणि मी नावं लिहीत होते. तिची स्वतःची तपासणी संध्याकाळी, सगळ्यात शेवटी झाली.

चार दिवसांनी डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. काचेवर आईचा एक्स-रे लावला होता. त्यांनी समजावून सांगितलं की इतक्या वर्षांची तंबाखूची धूळ फुफ्फुसांत आहे, जे गेलं ते परत येणार नाही, पण हे काम आता थांबवलं तर त्रास कमी होईल. शेजारच्या बाईला क्षय निघाला होता. ती औषधांनी बरी झाली. आईच्या दुखण्याला तसं औषध नव्हतं.

तिला मी सातपूरला माझ्याकडे आणलं. काम सुटल्याचं तिला जड गेलं. गॅलरीत बसून ती कॉलनीतल्या लोकांची ये-जा बघायची, पहिल्या पाळीची माणसं घरी परतताना बघायची. कर्नलसाहेब एकदा तिला भेटायला आले. तीन मजले चढून आले आणि दहा मिनिटं त्यांना बोलता येईना. आईलाही धाप लागायची. दोघं श्वास सावरत समोरासमोर बसून होते. मग त्यांनी तिला विचारलं की पान किती वेळ भिजवतात, आणि ती सांगत बसली.

पुढच्या वर्षीच्या मेळाव्याला साहेबांनी मला शिबिराबद्दल बोलायला सांगितलं. तब्येतीमुळे आई येऊ शकत नव्हती. मी किती बायका आल्या, कुणाला काय निघालं, कोण औषधं घेतंय ते सांगितलं. मग म्हटलं, गेल्या वर्षी इथं सतरंजीवर बसून विड्या वळल्या त्या माझ्या आई. त्यांना खोकला आला तेव्हा मी त्या झाडाखाली उभी होते आणि पुढं आले नाही. एवढंच बोलून मी बाजूला झाले. टाळ्या वाजल्या नाहीत. कर्नलसाहेबांच्या सुनेनं माझा हात हातात घेतला आणि जेवायला नेलं.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. तिनं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "सांगायची काय गरज होती?" मग पाणी पाजणारी ती सून कशी आहे, असं तिनं विचारलं.

आणखी दोन वर्षांनी आई गेली. शेवटचे दोन महिने ऑक्सिजनवर होती.

शिबिर एव्हाना दरवर्षी होत होतं; त्या वर्षी शिबिराच्या सकाळी बायका गोळा करायला मी पहिल्यांदाच एकटी गेले. गल्लीच्या टोकाला एक म्हातारी सूप घेऊन बसली होती. मी तिला या म्हटलं. ती म्हणाली, "दिवस मोडंल माझा. हे काम कोण करील?" आई अशा वेळी काय सांगायची, हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. मी चप्पल काढली, तिच्याजवळ बसले आणि कात्री घेऊन पानं कापायला लागले. लहानपणी येत होतं, आता हात वळत नव्हता. तिनं माझी दोन-तीन पानं उचलून बघितली आणि बाजूला टाकली. मी कापत राहिले. सुपातली पानं निम्मी झाली तेव्हा ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि तिनं आत जाऊन लुगडं बदललं.